चादरींचे तीन जोड

गल्लीत त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा. खरं तर जहाजाच्या कॅप्टनला त्याने बावीस वर्षांत उणंपुरं चार वेळा पाहिलं असेल, त्यातही दोनदा लांबून. हा गडी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली, लॉन्ड्रीत होता. लॉन्ड्रीचा मास्तर. हाताखाली सोळा माणसं, खोलीएवढी धुलाईची यंत्रं आणि चादर एका बाजूने ओली घातली की दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर टाकणारी रुळांची भलीमोठी इस्त्री. पण गल्लीला एवढा तपशील कशाला हवा? जहाजावरून येतो, चांगले बूट घालतो, तेव्हा कॅप्टन. लोकांनी फुकट दिलेली बढती नाकारायला तो काही वेडा नव्हता.

जहाज हौशी माणसांना समुद्रावर हिंडवून आणणारं होतं, चौदा मजली, दोन हजार पलंगांचं. वरच्यांना जहाज किती भरलंय ते कागद बघून कळायचं. कॅप्टनला चादरी बघून कळायचं. त्याचं सगळं शास्त्र तीन या आकड्यावर उभं होतं. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन जोड: एक पलंगावर, एक धुण्यात, एक फळीवर. हे चक्र फिरतंय तोवर जहाज जिवंत. नवीन आलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा आणि ज्याला हे कळलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी टॉवेलांच्या घड्या घालायला पाठवायचा.

मग साथ आली. जहाज भर समुद्रात आणि एकही बंदर आत घ्यायला तयार नाही. आजारी पडलेल्यांच्या चादरी लाल पिशव्यांतून खाली यायच्या. पिशवी उघडायची नाही, तशीच यंत्रात टाकायची, ती आत विरघळायची. पहिल्या दिवशी चार पिशव्या आल्या, दहाव्या दिवशी दोनशे. त्याच्या सोळा माणसांतले दोघे गेले. शेवटी प्रवासी उतरवले, पण कामगारांना कोण उतरवून घेणार? कंपनीने त्यांना प्रवाशांच्या रिकाम्या खोल्यांत एकेकटं ठेवलं. सहा आठवडे कॅप्टन समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत, स्वतःच धुतलेल्या चादरीवर, कोंबडं डालून ठेवावं तसा पडून होता. बावीस वर्षांत पलंगावरून समुद्र त्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याला तो मुळीच आवडला नाही.

घरी आला तो हिशेब घेऊनच. कंपनीने करार संपवला होता आणि बावीस वर्षांची पुंजी हातावर ठेवली होती. त्याचा चेहरा बघून बायकोने पैशाचा विषय महिनाभर काढला नाही. तो सकाळी पाचला उठायचा, घरातलं धुवायचं ते सगळं धुवायचा, उशांचे अभ्रे, भांडी पुसायची फडकी, पायपुसणीसुद्धा इस्त्री करायचा आणि नऊ वाजता कामं संपली की खुर्चीत बसायचा. जेवताना त्याचं लक्ष ताटात नसायचं. अकरा महिने बाहेर आणि एक महिना घरी, असा संसार झालेल्या माणसाला घरातला दुसरा महिना कसा काढायचा हे ठाऊकच नव्हतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटत होतं.

बायकोच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं. साथीत शिंपी गेला, त्याच्या बायकोला दुकान विकून माहेरी जायचं होतं.

"मी पावलांनी मोजून आले," बायको म्हणाली. "आत पंधरा पावलं, रुंदीला नऊ. मागे मोरी आहे. दोन यंत्रं बसतील, पुढे इस्त्रीचं टेबल. मी गिऱ्हाईक बघीन, तुम्ही काम बघा."

"माझ्यासारख्या माणसाने गल्लीतली धुणी धुवायची?"

"आतापर्यंत परक्यांची धुतलीत ना? ते काय पाटावर बसवून ओवाळत होते तुम्हाला?"

तो हसला, तीही हसली. शिंप्याच्या बायकोने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. एवढंच म्हणाली होती, "तुमच्या शब्दावर थांबते हो, वहिनी. दुसरं गिऱ्हाईक दारात आहे."

शेअरचं खूळ डोक्यात शिरलं ते जावयामुळे, असं कॅप्टन नंतर म्हणायचा. ते खोटं आहे. जावई बँकेत होता आणि ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्यांतला होता. कॅप्टननेच विचारलं, की आमच्या कंपनीचा शेअर सध्या कितीला आहे. जावयाने फोनवर बघून सांगितलं, "पन्नासाचा आठावर आलाय, बाबा."

"आठ?" कॅप्टनला कुणीतरी तोंडावर अपमान केल्यासारखं झालं. "अहो जावईबापू, एवढं मोठं जहाज आठावर? आठात तिथला एक कप चहा येत नाही!"

"उभं जहाज म्हणजे पांढरा हत्ती, बाबा. रोज खातंय आणि कमाई शून्य. कंपनी कर्ज काढून दिवस ढकलतेय. उद्या पैसे कमी पडले तर आणखी शेअर काढतील, मग आहे त्याचीही किंमत उतरेल."

"आणि साथ संपली तर?"

"तर चढेलही. पण कधी संपणार आणि तोवर ही कंपनी टिकणार का, हे तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही. बाजारात तुरी. तुम्हाला हौसच असेल तर बुडाले तरी झोप लागेल एवढेच लावा."

जावयाचं बोलणं सोळा आणे खरं होतं. कॅप्टनलाही ते पटलं. पण पटणं वेगळं आणि मनात बसणं वेगळं. पुढचे पंधरा दिवस तो वहीच्या मागच्या पानावर रोजचा भाव लिहीत राहिला. आठ, साडेसात, आठ, नऊ. नऊ झाला त्या दिवशी त्याने दोन वेळा जेवण मागून घेतलं, साडेसात झाला त्या दिवशी बायकोवर कारण नसताना खेकसला. बायको सगळं बघत होती. दुकानाच्या पैशाला हात न लावताच माणूस त्यात गुंतलाय हे तिला दिसत होतं.

महिना संपायला चार दिवस उरले असताना बुटक्याचा फोन आला. बुटक्या म्हणजे लॉन्ड्रीतला रुळांच्या इस्त्रीवरचा माणूस, कॅप्टनने स्वतः तयार केलेला. नांगर टाकून उभ्या जहाजाची निगा राखायला कंपनीने साठेक माणसं ठेवली होती, त्यांत तो होता. एरवी महिन्यातून एखाद्या वेळी बोलायचा आणि रडगाणंच गायचा. त्या दिवशी मात्र त्याच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता. कॅप्टन खुर्चीतून उठून उभा राहिला.

"काय चाललंय रे तिकडे?"

"मास्तर, विचारू नका. मरायला फुरसत नाही. कंपनीचा हुकूम आलाय. सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल काढायचे, धुवायचे, इस्त्री करायची, मोजून गठ्ठे बांधायचे."

"सगळ्या म्हणजे किती जोड?"

"तिन्ही जोड, मास्तर."

कॅप्टनने मनातल्या मनात हिशेब केला. जहाज अर्धं भरायचं असेल तर दोन जोडांत भागतं. तिन्ही जोड निघतात ते दोन हजारच्या दोन हजार पलंग भरणार असतील तेव्हाच. जहाज सुटणार होतं! वर्तमानपत्राला कळलं नव्हतं, बँकेतल्या जावयाला कळणं शक्य नव्हतं, पण लॉन्ड्रीला कळलं होतं. बावीस वर्षं असंच होत आलं होतं, सगळ्यांच्या आधी लॉन्ड्रीलाच कळायचं.

"गड्या, तुझ्या तोंडात साखर पडो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याने फोन ठेवायची जरा घाई केली. एक प्रश्न विचारायचा राहिला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे शिकवायचं तेच मास्तर विसरला. एक पलंगावर, एक धुण्यात, एक फळीवर. सुटणाऱ्या जहाजाचे तिन्ही जोड कधीच एका जागी गठ्ठ्यात नसतात, एक पलंगावर घातलेला असतो. पलंग घातले का रे, एवढंच विचारायचं होतं.

बायकोला त्याने सांगितलं ते एखादी शुभवार्ता सांगावी तसं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि दुकान?"

"दुकान कुठे पळून चाललंय? हा भाव दोन महिन्यांत तिप्पट होईल. मग एक सोडून दोन दुकानं घेऊ."

"शिंप्याची बायको थांबायची नाही."

"अगं, सगळं जग घरात बसलंय. दुकानाला गिऱ्हाईक कुठून येणार? मला आतली खबर आहे, तुला कळत कसं नाही?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रक्त दिसत होतं. ती म्हणाली, "पैसे तुमच्या घामाचे आहेत. तुम्ही ठरवा." याला होकार म्हणत नाहीत, हे कुठल्याही नवऱ्याला कळतं. कॅप्टननेही कळूनच न कळल्यासारखं केलं.

जावयाने हातपाय आपटून पाहिले. निदान निम्मेच लावा म्हणाला. कॅप्टनने दुखण्याखुपण्याचे तेवढे बाजूला ठेवले आणि दुकानाचे सगळे लावले, सव्वाआठच्या भावाने. महिनाअखेरीला शिंप्याची बायको येऊन गेली. कॅप्टनच्या बायकोने तिला दारातच हात जोडले. दुकान औषधवाल्याने घेतलं आणि त्या दिवसांत औषधवाल्यासमोर सकाळपासून रांग असायची. कॅप्टन भाजी आणायला जाताना गल्लीच्या दुसऱ्या टोकाने वळसा घालून जायला लागला.

सव्वा महिन्याने बुटक्याचा फोन आला. या वेळी मागे कसलाच आवाज नव्हता.

"मास्तर, आपलं जहाज भंगारात निघालं."

"काय बरळतोस? तिन्ही जोड तयार केलेस ना तू?"

"ते विकायलाच होते, मास्तर. एका दलालाने वजनावर उचलले. सात ट्रक झाले. आम्हाला तरी कुठे सांगितलं होतं कुणी? मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. तुम्ही काही विचारलं नाहीत."

कंपनीची आणखी तीन जहाजं त्याच वाटेने चालली होती. कर्ज फेडायला त्यांनी नवे शेअर काढले आणि भाव तीनवर आला. कॅप्टनने हे घरात सांगितलं नाही. रोजच्यासारखा उठला, धुणं धुतलं, इस्त्री केली. असे पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी दुपारी जावई मास्क लावून दारात उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांवरूनच बायकोला कळलं.

"आता विकू नका, बाबा," जावई हळूच म्हणाला. "कंपनी तगली तर चार-पाच वर्षांत थोडं वर येईल. नाही तगली तर..." पुढचं त्याने गिळलं. सासऱ्यासमोर आपण बरोबर ठरलो याची त्याला लाज वाटत होती. चहाही न घेता तो गेला.

आता ही ओरडेल, असं कॅप्टनला वाटलं. त्याची तयारी होती. ओरडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. ती समोर येऊन बसली.

"पैसे गेले ते गेले," ती म्हणाली. "चूक झाली, माणसाची होते. मला एकच सांगा. जहाज खरंच सुटलं असतं आणि कंपनीने बोलावलं असतं, तर तुम्ही गेला असता?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. दोन अक्षरं. पण भाव नऊ झाला त्या दिवशीचा आनंद त्याला आठवला. तो पैशाचा नव्हता, आणि हे तिला माहीत आहे हेही त्याला कळलं. बावीस वर्षं तो तिच्याशी फोनवरून खोटं बोलत आला होता, जेवण चांगलं आहे, काम हलकं आहे, तब्येत ठीक आहे. समोर बसून बोलायची सवय नव्हती.

"गेलो असतो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. डोळे भरले, पण ती रडली नाही.

"पोरगी झाली तेव्हा तुम्ही नव्हता. माझी आई गेली तेव्हा नव्हता. येईल त्याला मी सांगत आले, काय करतील बिचारे, पोटासाठी जावं लागतं त्यांना."

ती उठून आत गेली. पोटासाठीच जात होतो गं, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ते त्याला स्वतःलाच खरं वाटेना. आत तिने नळ सोडला, भांडी घासायला घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.