दत्ताची हिरवी फौज

हे मी आजवर कुणालाच बोललो न्हाई. बायकोलासुद्धा न्हाई — आणि तिच्यापुढं माझ्या पोटात काही टिकत न्हाई, मग बघा.

आधी तुमाला हसू येईल. मी सेलूत मास्तर. दत्ताचं देवगाव फाट्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दोघं चाळिशीला टेकलेलो, आणि दर रविवारी त्याच्या दुकानात राक्षसांच्या लढाया खेळतो! बोटभर उंचीचे प्लास्टिकचे राक्षस, बुटके, तिरंदाज — सुटे भाग चिकटवायचे, रंगवायचे, फौज बांधायची, अन् हिरव्या चादरीवर फासे टाकून लढायचं. लोकांना वाटतं आमी पत्ते कुटतो. वाटू द्या.

दत्ताचा हात लय बारीक. दिवसभर केसाएवढ्या तारा गुंडाळणारा माणूस — राक्षसाच्या बुबुळात ठिपका देतो. माझ्या राक्षसांना कायम डोळे आलेले.

पण दत्ताला लाल-हिरव्यातला फरक कळत न्हाई. पूर्णेच्या स्टेशनात गाड्या बघत वाढला, इंजिन चालवायचं होतं त्याला. डोळे तपासले आणि बाद झाला. घरी सांगितलं, मार्क कमी पडले. खरं सांगितलं ते फक्त मला. म्हणून रंग मीच काढून द्यायचो. तो नुसता हात पुढं करायचा, ‘हिरवा दे रं’, आणि मी झाकणात ओतून द्यायचो. एवढा भरोसा.

एका वर्षी संभाजीनगरला खेळणाऱ्यांचा मेळावा होता. दत्तानं जंगली राक्षसांची फौज बांधायला घेतली, चाळीस जणांची. चेहरे असे जमले होते — माझ्या फौजेकडं कुणी ढुंकून बघणार न्हाई, हे मला तिथंच कळलं. तो म्हणला, हिरवा दे. मी — लाल दिला.

मस्करी म्हणून? कितीक दिवस मी स्वतःला तेच सांगायलो. मस्करी एका राक्षसावर संपते हो. मी चाळीस होईस्तोवर देत राहिलो, रविवारामागून रविवार, त्याच्याच दुकानातला चहा पीत.

मेळाव्यात लोक हसले. ‘जंगलाला आग लागली काय?’ दत्तानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, ‘जळायलेत तुझ्यावर.’ त्याला पटलं. मी सांगितल्यावर पटणारच की.

लय जीव हाय माझा त्याच्यावर. त्याचं मन मोडू नये म्हणून गप्प हाय, असं लिहिणार होतो — पण ते खोटं हाय. मी भितो.

गेल्या रविवारी त्यानं तीच फौज चादरीवरच्या झाडांमधी लपवली. चाळीसच्या चाळीस, लालभडक. मागं सरून, मान वाकडी करून बघितलं, आणि खुशीत विचारलं, ‘दिसायलेत का रं?’

‘न्हाई,’ म्हणलो. आणि माझे तिरंदाज दुसरीकडं वळवले.