समदची भरवशाची जीप

लोहारा ते नळदुर्ग सोळा वर्षं जीप हाकायची अन् कुणाला साधं खरचटूही द्यायचं नाही, हे काही खायचं काम नाही. समद शेखनं ते केलं होतं. म्हणून तर घरात म्हातारं माणूस असो की पोटुशी सून, लोक एसटी सोडून त्याच्या गाडीची वाट बघत. या नावाचा त्याला लई अभिमान होता, अन् त्यापायीच तो नको ते करून बसला.

चार महिन्यांमागं तो स्टँडवर चक्कर येऊन पडला. सोलापूरच्या डॉक्टरनं टू-डी इको काढून स्पष्ट सांगितलं, "हृदयाचा खालचा डावा कप्पा जन्मापासूनच कच्चा आहे, आतून स्पंजासारखा. आजवर निभावलं. आता ठोके बिघडले तर क्षणात शुद्ध जाईल. छातीत मशीन बसवावं लागेल. गाडीला हात लावू नका." समदनं घरी सांगितलं, पित्त झालंय. बायको शाहिस्ता बिचारी रोज जिऱ्याचं पाणी करून देत राहिली.

त्या मंगळवारी गाडीत बारा माणसं होती. दगडाबाईनं सात महिन्यांच्या गरोदर सुनेला, दीपमालाला, पुढं समदशेजारी बसवलं. "तू हायस म्हणून हिला तपासणीला नेते बाबा," ती मागून म्हणाली.

हायवेला लागल्यावर छातीत धडधड सुरू झाली. थांबेचना. समोरून ट्रक, मागून ट्रक. डोळ्यांच्या कडेनं अंधारून यायला लागलं. पित्तच हाय, पित्तच हाय, समद स्वतःला बजावत राहिला. खोटं बोलून बोलून माणसाला तेच खरं वाटायला लागतं.

"दादा, गाडी रस्त्याच्या खाली उतरायली," दीपमाला म्हणाली.

त्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. पुढचं चाक रस्त्याकडेच्या खोल चारीच्या काठावर थांबलं.

"पंक्चर का रं?" मागून योगीराजनं विचारलं.

'व्हय' अगदी ओठावर आलं होतं. पण दीपमालानं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. समदनं किल्ली काढली.

"मला डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हणलंय, मावशी. काळीज जन्माचंच खराब हाय. चार महिने झाले. कुणालाच सांगितलं न्हाय."

दगडाबाई उतरून त्याच्या दाराशी आली. आता थोबाडीत बसणार, असं त्याला वाटलं. बसली असती तर बरंच झालं असतं.

"चार महिन्यांत माझी सून पाच खेपा तुझ्या गाडीत बसली, समद," ती म्हणाली.

समद खाली उतरला. ढोकीच्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या योगीराजनं किल्ली घेतली. समदला मागं बसवलं. दवाखान्याच्या दारापर्यंत दगडाबाईनं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तोंडाकडं मात्र एकदाही बघितलं नाही.