बंटीशेठच्या लाल गाडीचं पोस्टमॉर्टेम

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचत जातात, काळं ऑइल आणि किस्से. काळं ऑइल निदान लोक मागून नेतात, दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून चोपडतात. किस्से कोणी मागायला येत नाही, ते आपल्यालाच लोकांच्या गळ्यात मारावे लागतात!

मी मोहाडी-तुमसर रोडवर नत्थूमिस्त्रींच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंग करतो. मिस्त्री इंजिनवाले, मी करंटवाला. पंचवीस वर्षांत बरंच काही साचलं. पण या शिमग्यानंतर एकाच गाडीनं एवढे किस्से दिले की बाकीचे सगळे पाणचट वाटू लागले. तेवढेच सांगतो.

*

गाडी बंटीशेठची. वय बेचाळीस, दोन लेकरं, डोक्यावर टक्कल, पण नाव बंटीच. आमच्याकडे माणूस आजोबा झाला तरी बंटीच राहतो, त्याला इलाज नाही.

धंदा प्लॉटिंगचा. धानाच्या बांधीत चार झेंडे रोवायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि त्याला 'ग्रीन सिटी' म्हणायचं. सिटी कुठेच नसते. ग्रीन मात्र असतं, कारण धान अजून कापायचं असतं.

तर या बंटीशेठनं नागपूरहून एक जुनी जपानी स्पोर्ट कार आणली. दोन सीटची, लालभडक, चोवीस-पंचवीस वर्षांची. इतकी बसकी की खालून कोंबडीला जायचं असेल तर तीही वाकून जाईल.

शेजारच्या काकूंनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "बाप्पा! दोनच जागा? मंग सोयरे कुठं बसतीन?"

"काकू, हे स्पोर्ट कार हाय."

"असन. वर कॅरिअर तरी लावून घे!"

*

बस स्टँडपासून बंटीशेठच्या घरापर्यंत सात स्पीड ब्रेकर. गाडीचं पोट प्रत्येकावर घासायचं. म्हणून बंटीशेठ प्रत्येक ब्रेकरला बायकोला खाली उतरवायचे, गाडी तिरपी करून हळूच पार करायचे आणि मग वहिनींना परत बसवायचे.

एक दिवस वहिनी पहिल्याच ब्रेकरला उतरल्या आणि सरळ चालू लागल्या. घरी पोचल्या, हातपाय धुतले, चहा ठेवला. चहाला उकळी आली तेव्हा बाहेर हॉर्न वाजला.

"आले वाटते आमचे स्पोर्टवाले," वहिनी म्हणाल्या.

*

मग एका दुपारी ती गाडी ट्रॅक्टरला दोरानं बांधून आमच्या शेडमध्ये आली. ट्रॅक्टरवाला दोर सोडून चहासुद्धा न घेता निघून गेला.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काहीच नाही. नागपूरहून येऊन राहिलो होतो. हायवे, शंभरचा स्पीड. अन् एकदम बंद!"

"तापली होती का?"

"नाही."

"आवाज?"

"नाही."

"मीटरमंदी दिवा गिवा लागला होता का?"

बंटीशेठनं जरा आठवून पाहिलं. "हां, एक लाल लागला होता. मले वाटलं स्पोर्ट मोड सुरू झाला!"

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "दिव्यावर चित्र कोनतं होतं?"

"चित्र कोन पाह्यते, मिस्त्री? लाल गाडीत लाल दिवा. मॅच होऊन राहिला होता न!"

मिस्त्रींनी इंजिनच्या पुलीला पाना लावला आणि जोर दिला. पुली तसूभर हलली नाही. इंजिन आतून जाम झालं होतं. बंटीशेठ गेल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "दिलीप, दवाखान्यात अन् गॅरेजात मानूस खरं बोलत नाही. दवाखान्यात निदान त्याचा बीपी तरी खरा बोलते."

*

आमच्या शेडमध्ये रोज सकाळी एक निवृत्त गुरुजी पेपर वाचायला येतात. स्वतः आयुष्यभर सायकलवर फिरले, पण प्रत्येक गाडीचं निदान त्यांच्याकडे तयार असतं. आणि वीस वर्षांपासून ते एकच आहे.

"पेट्रोलात पानी हाय."

हॉर्न वाजत नाही? पेट्रोलात पानी. काच वर होत नाही? पेट्रोलात पानी. एकदा एक शेतकरी बैलबंडीचं टायर पंक्चर झालं म्हणून आला, तर पेपरातून डोकं वर न काढता गुरुजी म्हणाले, "पेट्रोल कोन्त्या पंपावर भरलं होतं?"

लाल गाडीलाही त्यांनी तेच सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, या गाडीत पानीच नाही. रेडिएटर कोरडा ठनठनीत हाय."

गुरुजींनी पान उलटलं. "मंग पेट्रोलात गेलं असन."

*

बंटीशेठचा मिस्त्रींवर भरवसा नव्हता. त्यांनी भंडाऱ्याहून स्कॅनरवाला बोलावला. इस्त्रीचा शर्ट, काळी बॅग, लॅपटॉप. बोटाला ग्रीस लागू नये म्हणून पातळ रबरी हातमोजे!

त्याची वायर गाडीत बसेना. गाडी जुनी, तिचं सॉकेटच वेगळं. शेवटी मी दोन वायरी जोडून दिल्या. लॅपटॉपवर अर्धा तास एक गोल फिरत राहिला. आम्ही सगळे त्या गोलाकडे भक्तिभावानं पाहत होतो.

"गाडी रिस्पॉन्स देऊन नाही राहिली," स्कॅनरवाला म्हणाला.

मिस्त्री म्हणाले, "बाबू, मेलेल्या मानसाले आधार कार्ड मांगून राहिला का तू?"

सगळे हसले. स्कॅनरवाल्याचा चेहरा उतरला. बॅग आवरता आवरता तो बंटीशेठच्या कानाला लागला आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "शेवटचा हात कोनाचा लागला होता गाडीले? त्यालेच इचारा."

आणि शेवटचा हात मिस्त्रींचा होता. दहाच दिवसांपूर्वी त्यांनी त्या गाडीचं ऑइल बदललं होतं.

*

संध्याकाळपर्यंत बंटीशेठचा व्हिडिओ गावभर फिरला. गाडीवर हात ठेवून, दुःखी चेहऱ्यानं म्हणत होते, "मित्रहो, ऑइलचा नट ढिला ठेवला, पूरं ऑइल सांडलं, इंजिन खतम. नत्थूमिस्त्रीले आता दिसत नाही. आपापल्या गाड्या सांभाळा." खाली रडणारे चेहरे आणि हात जोडलेले चेहरे. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनीही 'सावध केल्याबद्दल धन्यवाद' असं लिहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये उभ्या असलेल्या दोन जीप मालकांनी परत नेल्या. एक म्हणाला लग्नात पाहिजे. दुसऱ्यानं कारणही सांगितलं नाही.

मला बंटीशेठचा भयंकर राग आला. या माणसाच्या बापाची जीपही मिस्त्रींनीच आयुष्यभर चालती ठेवली होती. पण मिस्त्रींनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"दिलीप, मी नट कसला होता ना?"

"कसला होता, मिस्त्री."

"तू पाह्यला होता?"

मी पाहिला नव्हता. मी त्या वेळी एका पिकअपच्या खाली होतो.

"माह्या नटानं गेली असन," मिस्त्री म्हणाले, "तर गॅरेजचा बोर्ड काढून टाकतो. लोकाइच्या गाड्या खराब कराले बसलो नाही मी इथं."

*

नट पाहिल्याशिवाय चैन नव्हतं. गाडी जॅकवर घेतली. मिस्त्री स्वतः खाली शिरले. गुरुजींनीसुद्धा पेपर खाली ठेवला.

नट सुटेना! मिस्त्रींनी पान्याला पाइप घालून जोर दिला तेव्हा कुठे कुरकुरला. खाली घमेलं ठेवलं होतं, त्यात ऑइल पूर्ण निघालं. मोजून भरलं होतं तेवढंच. फक्त काळंकुट्ट झालेलं, करपल्याचा वास येणारं.

मिस्त्री खालून बाहेर आले. डोळे पुसले ते ग्रीसच्याच बाहीनं, त्यामुळे तोंड काळं झालं. पण ते काळं तोंड घेऊन ते चारचौघांत ताठ उभे राहिले.

मी बंटीशेठना फोन लावला. नट घट्ट होता, ऑइल पूर्ण होतं, सगळं सांगितलं.

"मंग ऑइल डुप्लिकेट असन!" बंटीशेठ म्हणाले.

*

मग इंजिनचं हेड उघडलं. गॅसकेट जळालेलं, हेड वाकलेलं, पिस्टनवर ओरखडेच ओरखडे.

"तापून मेली," मिस्त्री म्हणाले. "पानी उकळून उडालं, तरी हाकलत राह्यला."

"पण कायनं तापली?" मी विचारलं.

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागले. गुरुजीही पाहू लागले. इथवर मी मजेत होतो बरं का! ऑइल मिस्त्रींचं खातं. पण इंजिन थंड ठेवणारा पंखा माझं खातं, आणि त्या पंख्याची वायरिंग दिवाळीत मीच केली होती.

दुसऱ्याच्या नटावर तासभर भाषण देणारा मी, आता स्वतःची वायर तीन-तीनदा तपासत बसलो. पंख्याला बॅटरी लावली. भर्रकन फिरला! मी त्या पंख्याला हात जोडले.

"हवा पुढून येते," मिस्त्री म्हणाले. "बंपर खोलून रेडिएटर पाह्यला पायजे."

पण बंटीशेठनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बंपरले हात लावाचा नाही. ओरिजिनल पेंट हाय." इंजिन खलास झालं तरी चालेल, पेंटला ओरखडा नको! ग्रीन सिटीचे संस्कार, दुसरं काय.

मिस्त्रींनी निरोप पाठवला, "चार मानसं घेऊन ये. तुह्या डोळ्यासमोर खोलतो. माही चूक निघाली तर बोर्ड तूच उतरव."

*

बंटीशेठ चार नाही, चौदा माणसं घेऊन आले. गॉगल लावून. आल्याआल्या मोबाईलवर लाइव्ह सुरू केलं आणि मोबाईल गुरुजींच्या हातात दिला, म्हणजे भाषणाला दोन्ही हात मोकळे.

"मित्रहो, आज दूध का दूध, पानी का पानी! हायवेवर शंभरच्या स्पीडनं चालू गाडी बंद पडली. मिस्त्रीनं रेडिएटरात पानी भरलं नव्हतं, हे आज साबित होईन."

मिस्त्री खाली बसून एकेक स्क्रू काढत होते. हात स्थिर होता, पण मानेवरून घाम ओघळत होता. मला त्या बोर्डाकडे पाहवत नव्हतं.

बंपर निघाला. पुढे रेडिएटरची जाळी दिसायला हवी होती. जाळी दिसलीच नाही. दिसलं ते कुटार! काडीकचरा आणि भुसा, गादीत कापूस ठासावा तसा ठासून भरलेला. वारा जायला सुईएवढी जागा नाही. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं तसा तो भुसा भसाभस खाली आला, आणि त्याच्यासोबत टपटप दाणे.

मिस्त्रींनी एक दाणा उचलला, दाताखाली फोडला.

"लाखोळी हाय."

चौदाही माणसं वाकून दाणे पाहू लागली. धानामागून त्याच बांधीत निघणारी ही डाळ न ओळखणारा शेडमध्ये एकही जण नव्हता.

"वाऱ्यानं उडून आली असन," बंटीशेठ म्हणाले.

"हायवेवर?" मिस्त्रींनी विचारलं.

तेवढ्यात शेडसमोर एक मोपेड थांबली. डोक्याला दुपट्टा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. बंटीशेठनं गॉगल काढला आणि घाईघाईनं त्यांच्या पाया पडले. ते करडी गावचे, बंटीशेठचे सासरे.

"जवाईबापू, तुमचा फोन लागून नाही राह्यला, म्हनून म्या सोता आलो," सासरे म्हणाले. "गाडी झाली का सुदी?"

"मामाजी, घरी चला, घरी बोलू..."

"घरी कायले? आभाळ येऊन राह्यलं अन् अर्धी लाखोळी तशीच पडली हाय खळ्यावर." मग त्यांची नजर जमलेल्या माणसांवर गेली. एवढे लोक आपल्या जावयाच्या गाडीभोवती पाहून त्यांना फार अभिमान वाटला असावा. "काय सांगू तुमाले! ट्रॅक्टरनं मळली का दाना फुटते. हे गाडी हलकी, बसकी, पोट घासत जाते ना, का मस्त मळते! दोन घंटे गोल गोल फिरवली जवायानं, भर उन्हात, दमले नाही. तो धूर निघाला नसता, तर खळं त्याच दिवशी साफ झालं असतं."

बंटीशेठ मोबाईल घ्यायला गुरुजींकडे धावले. मिस्त्री मध्ये उभे राहिले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, बाहीनं पुसलं आणि सासरेबुवांना हाताला धरून बसवलं.

"गुरुजी, मोबाईल जरा इकडं फिरवा," मिस्त्री म्हणाले. "हां मामाजी, आता पयल्यापासून सांगा."