थूल सरांचा पश्चिम आशिया

काल शोकसभेत मला किळस आली. दुसरा शब्द नाही.

आमचे थूल सर मंगळवारी गेले. वर्ध्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. आणि कॉलेजने फ्लेक्सवर काय छापलं?

"बौद्ध धम्माचे गाढे अभ्यासक."

अरे, धम्मावर त्यांनी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. विहारात जायचे ते पौर्णिमेला, तेही आईचं मन राखायला.

सरांचा विषय पश्चिम आशिया. इराक, इराण, सीरिया, लेबनॉन, येमेन, तो सगळा पट्टा. तिथलं राजकारण, तिथला इतिहास, कुठली सरहद्द कुणी आखली आणि कुणाला न विचारता आखली.

पण आडनाव थूल ना. मग दुसरा कशाचा अभ्यास असणार? घरी एक फोन करून विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

मलाही बोलायला लावलं. "सरांची लाडकी विद्यार्थिनी" म्हणून. मी माईक घेतला, "सर फार साधे होते" म्हणाले आणि खाली बसले. फ्लेक्सबद्दल चकार शब्द काढला नाही. माझीही कमाल आहे.

पहिल्या वर्षाला मी वर्गात "मिडल ईस्ट" म्हणाले होते.

सर थांबले. "कोनाच्या ईस्टले? तू सेलूची ना? सेलूच्या बसस्टँडवर उभी हायेस असं समज अन् मले हात करून दाखव, इराण कोन्या बाजूले हाये."

मी हात केला. पश्चिमेला.

"मंग गोऱ्या साहेबाच्या खिडकीतून काऊन पाहून राह्यली?"

वर्ग हसला. मी चिडले. पण त्यानंतर आजतागायत तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.

चाळिशी उलटल्यावर सर अरबी शिकायला लागले. एकदा वही स्टाफरूममध्ये उघडी राहिली. उजवीकडून डावीकडे लिहिलेली. दुपारपर्यंत कॉलेजभर झालं, थूल धर्म बदलून राह्यले. एका शहाण्याने तोंडावर विचारलंच.

सर म्हणाले, "माह्या बापानं छप्पन साली बदलला, तो मले पुरते. मी क्रियापदं पाठ करून राह्यलो."

हे सगळे शहाणे काल पहिल्या रांगेत होते. डोळ्यांना रुमाल लावून.

अध्यक्ष होते आमचे जुने विभागप्रमुख. नाव घेत नाही, जीभ विटाळेल. हेच महाशय दरवर्षी टाइमटेबल लावताना म्हणायचे, "थूल, अरबांचं काय घेऊन बसलात? तुमच्या लोकांवर काहीतरी करा."

सर विचारायचे, "माझे लोक म्हणजे कोण कोण, सर?"

प्रमुख चहाचा कप उचलायचे.

काल ते माईकवर म्हणाले, "सरांना पश्चिम आशियाचा पेपर सुरू करायचा होता. विद्यार्थी मिळाले नाहीत, ही खंत आहे."

खोटं. साफ खोटं.

दहा मुलांची अट होती. सर एसटीने आंजीला गेले, सेलूला आले, पोरांच्या घरी जाऊन बसले. आमच्याही घरी आले. बाबा तहसिलीत क्लार्क. त्यांनी आधी तेच विचारलं, जे सगळे विचारतात.

"सर, याले स्कोप काय?"

"जाम गावच्या पंपावर डिझेल महाग झालं का तुमी शिव्या कोनाले देता?"

"पंपवाल्याले."

"त्याचा काय गुन्हा बिचाऱ्याचा? शिकली तं हे पोरगी सांगन तुमाले, शिव्या कोठं पाठवाच्या ते."

बाबा इतके हसले की चहा सांडला. "लिहा सर हिचं नाव," म्हणाले. यादीत मी दहावी होते. सरांनी नाव लिहिलं, टोपण लावून पेन खिशात ठेवला आणि दुसरा चहा मागितला. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बीएड करायचंय ना तुला? मग टक्के लागतील. लोकप्रशासन घे. इंटर्नलचं मी पाहतो."

विषय बदलायचा फॉर्म टेबलावर तयार होता. मी तो न वाचताच सही केली.

नऊ उरले. पेपर सुरू झालाच नाही. रिटायर होईपर्यंत सरांना तो शिकवता आला नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. प्रमुखांना शिव्या देणं सोपं आहे, गेली कित्येक वर्षं मी तेच करते आहे. पण त्यांनी माझा हात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर सर समोर आले. हातात ऑफिसची नवी यादी होती, माझं नाव लोकप्रशासनाखाली. मी घाबरून म्हणाले, "सर, बाबा नाही म्हणाले."

सरांनी यादी घडी करून खिशात टाकली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाबाचं नाव नको घेऊ, बाई," म्हणाले. "लोकप्रशासन चांगला विषय हाये. नोट्स लागल्या तं सांगजो."

आणि खरंच आणून दिल्या. स्वतःच्या अक्षरात, सगळ्या युनिटच्या. त्याच नोट्सवर मी कॉलेजात पहिली आले, बीएड केलं, मास्तरीण झाले.

सर, तो पेपर मी बंद पाडला. तुम्हाला माहीत होतं, आता हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत झालं.

माफ करा म्हणायला तोंड नाही. जयभीम, सर.