रंगवलेली बैठक

मिस्त्रींना गबाळ्या कामाची शिसारी होती. कुणाला झुरळाची असते, तशी. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढली, पण हातोडीने ठोकलेला स्क्रू दिसला की अजूनही त्यांच्या घशाशी येई.

निवृत्तीनंतर त्यांनी हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाला माउंट करून दिलं होतं, म्हणजे दुर्बिणीची नळी ज्यावर बसते आणि फिरते तो लोखंडी सांगाडा. आता तेच भंगारात जायची वेळ आली होती. दुर्बिणीचा नेम चुकत होता. ताऱ्याकडे वळवावी, तर चंद्राच्या अर्ध्या रुंदीइतकी बाजूला जाऊन थांबे. रविवारच्या सभेत तयार माउंट आणायचं ठरणार होतं. आणि मंडळाचं कॉम्प्युटरचं काम बघत होते खुद्द मिस्त्रींचे जावई.

शनिवारी दुपारी मिस्त्री जावयांना घेऊन मंडळाच्या गच्चीवर चढले. माउंटच्या सांध्यात कुणीतरी व्हिजिटिंग कार्डाची घडी कोंबली होती. वरून चिकटपट्टी.

"हे कर्तृत्व कुणाचं?"

"डॉक्टरांचं," जावई म्हणाले. मंडळाचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. "तात्पुरतं आहे, बाबा."

"दाताच्या फटीतही कार्डच घालतात का ते?"

जावई हसले. "खरं तर काहीच करायला नको. मी चाळीस तारे नोंदवतो, कुठे किती चुकतंय ते प्रोग्रॅमला सांगतो. पुढचं तो सांभाळून घेतो."

"म्हणजे लंगड्याचा पाय बघायचा नाही. रस्ताच वाकडा करायचा."

जावई होते म्हणून एवढ्यावर भागलं.

कार्ड उपटून फेकल्यावर मिस्त्रींनी लांबच्या चिमणीच्या टोकावरची सळई दुर्बिणीतल्या तारांच्या फुलीवर धरली आणि माउंटच्या तबकड्यांवरचे कोनांचे आकडे वाचले. मग नळी माउंटच्या दुसऱ्या अंगाला पलटवून, आकड्यांच्या हिशेबाने पुन्हा चिमणीकडे आणली. कारखान्यातला पहिला धडाच तो: कुठलंही माप उलटं फिरवून पाहा, खोट दुप्पट होऊन समोर येते. सळई चंद्राच्या पूर्ण रुंदीइतकी सरकली होती.

त्यांनी नळी उतरवली, आणि बघतच राहिले.

नळीखालची चार बोटांची बैठक त्यांनी तीन आठवडे हाताने घासली होती. सपाट पाटीला निळं लावायचं, बैठक त्यावर टेकवायची, उंचवट्यावर निळं लागेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा निळं. मनगट सुजलं होतं. शेवटी त्यावर बारीक चमकते ठिपके उरले होते. आता तिथे हिरवा ऑइलपेंट होता. दोन हात. एका कडेला ओघळ सुकून फुगला होता.

"ओरखडे दिसत होते, बाबा," जावई चाचरले. "पाहुणे येणार होते, म्हणून आम्ही जरा नीटनेटकं केलं."

"आम्ही म्हणजे?"

"मीच."

उष्ट्या ताटावर रुमाल झाकावा, तसला तो नीटनेटकेपणा. मिस्त्रींनी तासभर रंग खरवडला; पडलेला हिरवा भुगा जावयांनी हाताने गोळा केला. एकटा ओघळच अर्धा मिलिमीटर भरला. नळी चढवून, पलटवून पुन्हा चिमणी पाहिली. आता चूक आधीच्या दहाव्या हिश्श्याएवढी उरली.

"झालं!" जावयांचा जीव भांड्यात पडला. "उद्या सांगतो सगळ्यांना, माउंट निर्दोष आहे म्हणून."

"थांबा. मग हे उरलंय ते कशाचं?"

नळी पुन्हा खाली आली. मिस्त्रींनी बैठकीला काटकोन तपासायचा गुण्या लावला, मग पलटून लावला. बैठक सपाट होती, पण आसाशी काटकोनात नव्हती. घासकामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी गुण्या एकाच अंगाने लावला होता. घरी जायची घाई होती. घाई कसली, कंटाळा. आपलेच हात त्यांना घाण वाटले.

"ही खोट माझी," ते म्हणाले.

"एवढीशी तर आहे! प्रोग्रॅम खाऊन टाकेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलंय."

त्यांनी बैठकीचे चारही बोल्ट सोडवले.

"अहो बाबा, उद्या सभा आहे! सांगू काय?"

"सांगा, रंग जावयाचा, वाक सासऱ्याचा. दुरुस्तीला आठ दिवस. तेवढा दम नसेल, तर खुशाल तयार माल आणा."

जावई बैठक उचलायला पुढे झाले.

"आधी तो रंग धुवा हाताचा," मिस्त्री म्हणाले, आणि स्वतःच ती काखेत मारून जिना उतरू लागले.