रेमोंदचा अर्धा दगड

पडदा उघडतो तेव्हा शाळेचं अंगण झाडून लख्ख केलेलं आहे. लिंडनच्या झाडाखाली खुर्च्यांच्या सहा रांगा. बाजूच्या टेबलावर खानावळीतल्या जिस्लेनने भाजलेली, बटाटे भरलेली मोठी पाई आणि क्लाफूती नावाचा चेरी घातलेला गोड केक. मधोमध, पांढऱ्या कापडाखाली, एक मोठा उंचवटा. जून महिना, सकाळचे अकरा. फाटकातून एक्क्याऐंशी वर्षांची रेमोंद लाव्हेर्न काठी टेकत येते. अंगात कामाचा निळा कोट. सत्काराला तो बरा दिसणार नाही असं शेजारणीने सुचवलं होतं. सत्कार दगडाचा आहे, माझा नाही, असं सांगून रेमोंदने तिला वाटेला लावलं.

कापडाखालचा दगड तिनेच घडवलेला. फ्रान्सच्या क्रूझ प्रांतातला करडा ग्रॅनाइट, नऊ टनांचा. फ्रान्सच्या कायद्याने नवी शाळा बांधली की खर्चाचा शंभरावा हिस्सा कलाकृतीसाठी ठेवावा लागतो. व्हालिएर गावचा तो हिस्सा इतका किरकोळ होता की पॅरिसहून कोणी शिल्पकार यायला तयार होईना. म्हणून १९६९ साली गावच्याच पाथरवटाच्या मुलीला विचारलं. बापाने पॅरिसला जाऊन दुसऱ्यांची घरं बांधली होती. मुलगी त्याची टाकी आणि हातोडा घेऊन घरीच राहिली आणि कशासारखेही न दिसणारे दगड घडवू लागली. हे काय आहे, असं लोक विचारत. ती म्हणे, दगड.

पहिल्या अनावरणाला कापड खाली आलं तरी टाळ्या वाजेनात. शेवटी मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "आता आतलं वेष्टन कधी काढणार?" गाव आठवडाभर हसलं. दगडाचं नाव पडलं बटाटा.

रेमोंदला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या बापाची एक रीत होती. घराचा उंबरा तो नेहमी खडबडीतच बसवायचा. घडाई संपवणं हे त्या घरात राहणाऱ्यांच्या पायांचं काम, असं तो मानायचा. रेमोंदनेही दगडाची उतरती पाठ टाकीच्या घावांसकट तशीच सोडली आणि मास्तरांना बजावलं, की पोरांना यावर चढू द्या, घसरू द्या, पुढचं काम त्यांचं आहे.

पोरांनी ते काम मनावर घेतलं. आज शाळेच्या खानावळीत रांधणारी जिस्लेन तेव्हा सहा वर्षांची होती. त्या पाठीने तिचे तीन स्कर्ट खाल्ले. तिसऱ्याला तिच्या आईने मुलीला एक धपाटा घातला आणि रेमोंदच्या दारात जाऊन तिला चार शब्द सुनावले. रेमोंदने ते शांतपणे ऐकून घेतले आणि नवा स्कर्ट शिवून दिला.

दर जूनमध्ये, सुट्टी लागायच्या आधी, रेमोंद शाळेत यायची. डोळे मिटून दगडाच्या पाठीवरून तळहात फिरवायची आणि निघून जायची. दहाव्या वर्षी टाकीचे घाव बोथटले. तिसाव्या वर्षी दगडावर एक गुळगुळीत वाट उतरली. ती रेमोंदने आखलेली नव्हती. वाट जराशी डावीकडे वळत होती, कारण खानावळीचं दार तिकडे होतं आणि जेवणाची घंटा झाली की पोरं त्याच अंगाला घसरत. त्या वळणाचा तिला जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या एकाही घावाचा नव्हता. मग गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि दोन वर्षं येणं राहून गेलं.

त्या दोन वर्षांत काय झालं ते आज कापड खाली आल्यावर दिसलं.

या खेपेला टाळ्या जोरात पडल्या. दगड सोललेल्या बटाट्यासारखा पांढुरका दिसत होता. भोवती कमरेएवढा पोलादी कठडा, कठड्यावर रेमोंदच्या नावाची पितळी पाटी आणि शेजारी फलक: हात लावू नये.

नगराध्यक्ष फाब्रिस कूरतो आनंदाने सांगू लागले. शहरातून खास माणसं आणली. दोन दिवस वाळूचा जोरदार फवारा मारून सगळे डाग, सगळी झीज काढून टाकली. एका पोराचा दात तुटला होता, म्हणून विमा कंपनीच्या सांगण्यावरून कठडा बसवला. "अगदी तुम्ही घडवलात तस्सा झालाय, मादाम."

रेमोंदने कठड्यातून हात आत घातला, डोळे मिटले, तळहात फिरवला. वाट नव्हती. वळण नव्हतं. तळहात सोलवटून निघाला.

"मी घडवला तेव्हा तो अर्धा होता," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, तरी सहाव्या रांगेपर्यंत पोचला. "उरलेला अर्धा या गावाच्या पोरांनी केला. तो तुम्ही दोन दिवसांत खरवडून टाकलात."

कूरतो हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग हसू आवरून म्हणाले, की कठड्याचा विषय सप्टेंबरच्या बैठकीत घेऊ, तुम्ही एक पत्र द्या. आणि कठड्याला बांधलेली फीत कापायला त्यांनी तबकातली कात्री पुढे केली.

रेमोंदने कात्री घेतली. फितीकडे पाहिलंसुद्धा नाही. कात्रीचं टोक तिने पितळी पाटीच्या स्क्रूत घातलं आणि फिरवू लागली. दगड गावाचा असला तरी नाव माझं आहे, ती म्हणाली, आणि या देशाचा कायदा ते मला परत नेऊ देतो. असल्या पांढऱ्या बटाट्यावर ते राहणार नाही. वर्तमानपत्राची बाई कॅमेरा घेऊन पुढे सरकली.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा घट्ट बसला होता, कात्री निसटली. जिस्लेन स्वयंपाकघरात जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. "बोट कापाल, मादाम. हा घ्या."

"जिस्लेन, तू नगरपालिकेची नोकर आहेस," कूरतो दबक्या आवाजात म्हणाले.

"मी या दगडाला तीन स्कर्ट दिलेत," जिस्लेन म्हणाली. "तुम्ही काय दिलंत?"

तिसरा स्क्रू निघाला तेव्हा कूरतोंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नगरपालिकेच्या मिस्त्रीला हाक मारून कठडा काढायला सांगितला. अर्ध्या तासात कठडा भिंतीला टेकून उभा होता आणि फलक त्याच्यामागे उलटा पडला होता. तोवर गावाने बटाट्याची पाई संपवली. रेमोंदने घासही घेतला नाही.

झालं ना मनासारखं, असं कूरतोंनी विचारलं. त्यांना समेट हवा होता. लहानपणी आपणही यावरून घसरलो होतो, हे त्यांनी लाघवीपणे सांगून पाहिलं.

रेमोंदचा राग त्याने उलट वाढला. म्हणजे याला माहीत होतं. याच्याच मागच्या भागाने ती वाट घासली होती आणि यानेच ती पुसली. ती एक्क्याऐंशीची होती. पुन्हा ते वळण उतरेल तेव्हा ते चाचपायला तिचा हात नसणार. तिने त्यांच्या नव्याकोऱ्या, कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि काठीने दगडाचा माथा दाखवला.

"चढ, फाब्रिस. पन्नास वर्षं लागतात, आणि घसरायचं डावीकडे."