पेरांवरचा फणस

दुपारनंतरची, असरची नमाज संपत आली. शेवटी मान डावीकडे वळवून सलाम केला, तो नेमका धाकट्या भावावर, हनीफवर पडला. तुझ्यावर शांती असो, असं मीच म्हटलं आणि माझंच डोकं भडकलं. अब्बांनी लावलेला फणस या माणसानं मला न विचारता तोडला. कशासाठी, तर गाडी उभी करायला! तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मग नमाजनंतरची तस्बीह. बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मी 'सुभानल्लाह' मोजू लागलो. पण प्रत्येक पेरावर एकेक फांदी कडाडून मोडत होती. शेवटी त्या शांत मशिदीत माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "फणस!"

पुढच्या रांगेतल्या टोप्या वळल्या. हनीफनं डोळेही उघडले नाहीत. म्हणाला, "भाई, मी तो एकदाच तोडला. तू रोज पाच वेळा तोडतोस."

असा संताप आला! इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, तेही खरं बोलायला. मी पुन्हा पहिल्या पेरापासून सुरुवात केली. राग अजून तस्साच आहे. उद्या दुसरीकडे बसावं म्हणतो. पण मग माझा डावीकडचा सलाम कुणावर पडणार?